मी नाव घेतलं नव्हतं

मी आज परराष्ट्र खात्यात नोकरी करते, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे वाचताना कुणाला माझ्याबद्दल उगाच आशा वाटायला नको.

त्या वर्षी मी बावीस वर्षांची होते आणि जगातल्या कुठल्याही दोन देशांचं भांडण वीस मिनिटांत मिटवून देऊ शकत होते. निदान बुधवारी चार ते सहा या वेळात. विद्यापीठाच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशीच असलेल्या खोलीत आमचं चर्चामंडळ भरायचं. आम्ही आठ-नऊ जण. लिहायला फळी जोडलेल्या खुर्च्या, त्यातल्या निम्म्या फळ्या निखळलेल्या. खिडकीत विजेची किटली. भिंतीवर एक मोठा नकाशा, ज्यावरचे दोन देश केव्हाच अस्तित्वातून गेले होते. नवा मागवल्याला तीन वर्षं झाली होती. कुणी तह मोडला, कुणी वकिलात बंद केली, कुणाचं जहाज कुणी अडवलं, असली आठवड्याभरातली एक घडामोड घ्यायची आणि तिच्यावर तुटून पडायचं. माझा दादा वायरमन आहे. तो म्हणायचा, "तुमचं बरंय बाई. आम्ही चुकलो तर आम्हाला शॉक बसतो. तुम्ही चुकलात तर टाळ्या पडतात." मी त्याला अडाणी म्हणायचे.

मंडळ चालवायच्या त्या आमच्या बाई. बारीक अंगाच्या, केस आखूड, चष्मा सतत कपाळावर. तरुणपणी काही वर्षं त्या कुठल्याशा वकिलातीत होत्या आणि तिथून त्यांनी दोन सवयी आणल्या होत्या. पहिली सवय म्हणजे एक शब्द. कुणी काही ठोकून दिलं की बाई शांतपणे विचारायच्या, "आधार?" भल्याभल्यांची त्या शब्दाने दातखीळ बसायची. हळूहळू आमच्यात आधारांची एक न बोललेली उतरंड तयार झाली होती. 'पेपरात वाचलं' म्हणणारा सगळ्यात खाली. 'अमुक अहवालात आहे' म्हणणारा मधे. आणि 'त्या ठिकाणच्या माणसाकडून कळलंय' असं ज्याला म्हणता येईल, तो राजा. आमच्यापैकी कुणीच कुठल्या ठिकाणी गेलेलं नव्हतं, त्यामुळे सिंहासन रिकामंच असायचं.

दुसरी सवय म्हणजे एक नियम. पहिल्याच बुधवारी बाई तो प्रत्येकाकडून मोठ्याने म्हणवून घ्यायच्या: या खोलीतलं बोलणं खुशाल बाहेर न्या, बोलणाऱ्याला नेऊ नका.

आता पाहुणीबद्दल. वसतिगृहात माझ्या खोलीत राहायची ती. उत्तरेच्या सीमेपलीकडची, शेजारच्या देशातली. भाषा दोन्हीकडे एकच, फक्त त्यांच्याकडे शब्द जरा ओढून बोलतात. पहिल्या दिवशी ती दारात बॅग घेऊन उभी राहिली आणि "येऊ का आत?" असं तिने स्वतःच्याच खोलीला विचारलं, म्हणून मी तिचं नाव पाहुणी ठेवलं. ते सगळ्या विभागात रूढ झालं. तिने मनाला लावून घेतलं नाही, निदान तसं दाखवलं नाही. आमच्या दोन खाटांच्या मधे एकच टेबल होतं आणि कपाटाचं दार कागदाची घडी खोचल्याशिवाय बंद राहायचं नाही. ती माझ्याआधी उठायची, स्वतःची पाण्याची बाटली भरताना माझीही भरून आणायची. दीड वर्ष मी ते पाणी प्यायले, आणि एकदाही तिची बाटली भरली नाही.

त्या काळात आमच्या सरकारने तिच्या देशाला यंत्रांचे सुटे भाग आणि इंधन विकायला बंदी केलेली होती. तिथले राज्यकर्ते फारच माजले आहेत, त्यांना वठणीवर आणायचं, असा हिशेब. त्यामुळे दर तिसऱ्या बुधवारी आमचा विषय निर्बंध. खाटेवरच्या रोग्याच्या डोक्यावरून डॉक्टर आपापसात बोलतात तसे आम्ही तिच्या देशाबद्दल तिच्यासमोर बोलायचो. ती खिडकीशी बसून टिपणं काढायची.

एका बुधवारी मला कंड सुटली. मी म्हटलं, "काय गं पाहुणी, दीड वर्ष नुसती ऐकतेयस. तुझ्या देशाबद्दलसुद्धा आम्हीच बोलायचं? की तुमच्याकडे तोंड उघडायलाही परवाना लागतो?"

सगळे हसले. तिने पेनाला टोपण लावलं, आणि मग बोलली.

तिचे बाबा सीमेवरच्या नाक्यावर, त्यांच्या बाजूला, वजनकाट्यावर होते. पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचे. कुठल्याशा पत्रकावर सही करायला त्यांनी नकार दिला म्हणून शाळेतून गेले, आणि तिच्या काकांच्या ओळखीने या कामाला लागले. ट्रक काट्यावर चढायचा, बाबा आकडा बघायचे. आमच्या देशातून जे ट्रक जायचे त्यांच्या कागदांवर बटाटे लिहिलेले असायचे. भरलेल्या ट्रकातल्या बटाट्यांचं वजन किती होतं हे काट्यावरच्या माणसाला झोपेतही सांगता येतं. हे ट्रक दीडपट भरायचे. बटाट्यांच्या खाली यंत्रांचे सुटे भाग असायचे, ते थेट सत्तेतल्या लोकांच्या जावयांकडे आणि मेहुण्यांकडे जायचे, आणि बाबांना सांगितलेलं होतं की आकडा बघायचा नाही.

"बाबा म्हणतात," ती म्हणाली, "बटाटा एवढा जड असता तर आम्ही कधीच उपाशी राहिलो नसतो." मग म्हणाली, "निर्बंध आमच्या घराला लागलेत. त्यांच्या घराला नाहीत. तुम्ही दर वेळी 'तो देश' म्हणता, म्हणून सांगितलं."

कुणीही आधार विचारला नाही. पाणी उकळून किटली बंद झाली तरी कुणी उठलं नाही. बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि एवढंच म्हणाल्या, "नियम लक्षात आहे ना सगळ्यांच्या?" आम्ही माना डोलावल्या. सगळ्यात जोरात मी.

त्यानंतर महिन्याभराने विभागाचा खुला वादविवाद होता. मोठं सभागृह, बाहेरचे श्रोते, आणि व्यासपीठावर दोन पाहुणे: एक निवृत्त राजदूत आणि परराष्ट्र खात्यातले एक उपसचिव. हे उपसचिव दरवर्षी यायचे, शांतपणे ऐकत बसायचे आणि एका विद्यार्थ्याला सहा महिन्यांच्या उमेदवारीसाठी उचलून न्यायचे. त्या उमेदवारीतून पुढे नोकरी लागते हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोलायचं कुणी उघड नाही, पण त्या दिवशी इस्त्री सगळ्यांच्याच कपड्यांना होती. बाई मात्र परीक्षेच्या कामाला परगावी गेल्या होत्या.

विषय होता, शेजारी देशावरचे निर्बंध उठवावेत की नाही. मी उठवावेत या बाजूने. समोरच्या बाजूला आमच्याच मंडळातला नकाशे. हे त्याचं आडनाव नव्हे. तो काहीही बोलायच्या आधी कागदावर नकाशा काढायचा, म्हणून नकाशे. तो अभ्यासू होता, त्याच्याकडे आकडे होते आणि तो ते घाई न करता सांगत होता. मी हरत होते. श्रोत्यांचं अंग माझ्या बाजूने सैल पडत चाललंय हे बोलणाऱ्याला व्यासपीठावरून कळतं.

मी म्हटलं, निर्बंधांचा माल गळतोय, बड्यांना सगळं पोचतंय, उपाशी मरतो तो साधा माणूस. तेव्हा राजदूतांनी कानातलं यंत्र नीट बसवलं, पुढे वाकले आणि विचारलं, "मुली, आधार काय?"

माझ्याकडे आधार होता. एका अहवालाच्या चौदाव्या पानावर अर्धा परिच्छेद होता, फायलीत खूण घालून ठेवलेला. मधल्या पायरीचा. तो सांगितला असता तर राजदूत 'ठीक' म्हणाले असते, नकाशे जिंकला असता आणि सगळे चहाला गेलो असतो.

मी म्हटलं, "आधार नाक्यावरचा आहे. पलीकडच्या बाजूला वजनकाट्यावर एक माणूस बसतो. पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचा. बटाट्यांचे म्हणून आमचे ट्रक रोज त्याच्यासमोर दीडपट भरतात. त्याचेच शब्द सांगते: बटाटा एवढा जड असता तर आम्ही कधीच उपाशी राहिलो नसतो."

सभागृहात टाळ्या पडल्या. राजदूतांनीही टेबलावर बोटं वाजवली.

ओघात तोंडातून निघून गेलं, असं मला म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. तसं नव्हतं. तोंड उघडायच्या आधी मला बाईंचा नियम आठवला होता. मी तो उलटासुलटा करून बघितला आणि त्यात फट शोधली: नाव घ्यायचं नाही. मग नाही घेत. एखाद्या पोचलेल्या वकिलाने शोधावी तशी, तीन सेकंदांत शोधली. मी हुशार आहे असं सगळे म्हणायचे ते काही खोटं नव्हतं.

पाहुणी चौथ्या रांगेत होती. टाळ्या चालू असताना मी तिच्याकडे बघितलं तर ती खाली वाकून बॅगेत काहीतरी शोधत होती. मला वाटलं, बिचारीला भरून आलंय, डोळे लपवतेय. माणूस स्वतःवर खूश असला की समोरच्याच्या चेहऱ्यावर हवं ते वाचतो, आणि इथे तर मला चेहरा दिसतही नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर नकाशे माझ्याजवळ आला. "अगं, ते वजनकाट्याचं..." त्याने सुरुवात केली. "हरलास म्हणून?" मी म्हटलं. तो निघून गेला. मग उपसचिव आले. त्यांनी मला त्यांचं कार्ड दिलं आणि म्हणाले, "हे रेकॉर्डिंग तुमच्या विभागाच्या पानावर टाकतात ना? मला लिंक पाठवून ठेवा. गुरुवारी आमच्या वरिष्ठांची बैठक आहे, त्यांना दाखवीन म्हणतो."

हे शनिवारी झालं. रविवारी विभागाच्या कारकुनाने रेकॉर्डिंग इंटरनेटवर चढवलं. मी लिंक उपसचिवांना पाठवली, मग आईला पाठवली. आईने मामाला, मामाने मावशीला. दादाने निरोप पाठवला, 'आवाज छान आलाय.' त्याच्याकडून ही फार मोठी गोष्ट होती.

सोमवारी सकाळी पाहुणीने माझी बाटली भरून टेबलावर ठेवली आणि माझ्या खाटेच्या कडेला बसली. ती तशी कधी बसायची नाही.

"ते रेकॉर्डिंग काढून टाकायला सांगशील का?" ती म्हणाली.

"का? नाव घेतलं का मी कुणाचं?"

"नाही घेतलंस."

"मग?"

"नाक्यावर वजनकाटे दोन आहेत. माणसं चार. त्यात मास्तर होता असा एकच."

मला राग आला. खरं सांगायचं तर लाज वाटली होती, पण लाज वाटली की मला आधी राग येतो. मी म्हटलं, "तुमच्याकडे आमच्या विभागाचं पान बघतंय कोण? इथले विद्यार्थीसुद्धा बघत नाहीत."

"बघायला माणसं नेमलीत," ती म्हणाली. "त्यांना दुसरं काम नसतं. मी स्वतः अर्ज दिला असता, पण काल ऑफिसात विचारलं मी. ज्याचं भाषण त्याने अर्ज दिला तर कारण न विचारता काढतात. दुसऱ्या कुणी दिला तर नाव आणि कारण लिहावं लागतं. मी काय कारण लिहू?"

तिचा आवाज चढला नव्हता. जणू एखादं पुस्तक वाचायला मागावं तसं मागत होती. मी म्हटलं, "बरं, बरं. आज देते."

त्या दिवशी मी ऑफिसात गेलेही. कारकून जेवायला गेला होता. मी दोन मिनिटं थांबले आणि परत आले. जिना उतरताना मला हलकं वाटत होतं, हे मला स्पष्ट आठवतंय. गुरुवारची बैठक होऊन जाऊ दे, गुरुवारी दुपारी काढू, तीन दिवसांत असं काय आभाळ कोसळणार आहे, असा मी विचार केला. विचार कसला, स्वतःची समजूत घातली.

संध्याकाळी तिने विचारलं, "दिलास अर्ज?"

"दिला. दोन-तीन दिवस लागतात म्हणाले."

हे वाक्य मी आधी ठरवलेलं नव्हतं. जिभेला हाड नसतं म्हणतात ते खरंच. तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "बरं झालं गं." त्या दिवशी ती जेवली नीट. शनिवारपासून ती नीट जेवलेली नाही हे मला तेव्हा समजलं.

मंगळवारी तिने परत विचारलं नाही. मी सांगितलंय म्हणजे झालं, असा तिचा विश्वास. मी मात्र दर तासाने पान उघडून बघत होते की किती जणांनी बघितलं. मंगळवारी संध्याकाळपर्यंत एकेचाळीस. त्यात निम्म्या वेळा मी आणि उरलेल्या बहुतेक वेळा आई. मी मनाशी म्हटलं, बघ, कुणी कुत्रंसुद्धा फिरकलेलं नाही. एकेचाळीस हा आकडा मी अजून विसरलेले नाही. त्या संध्याकाळपर्यंत सगळं माझ्या हातात होतं.

बुधवारी सकाळी तो आकडा तीन हजारांवर गेला होता. आणि हे मला लिहिलंच पाहिजे: पहिला अर्धा क्षण मला आनंद झाला. आपलं बोलणं सीमेपलीकडे पोचलं असं वाटलं. मग खाली लोकांनी काय लिहिलंय ते वाचलं. तिकडच्या एका सरकारी पेपराने मंगळवारी रात्री बातमी टाकली होती. मथळा होता, 'आपल्याच नाक्यावरचा घरभेदी.' खाली माझं अख्खं वाक्य छापलं होतं, बटाट्यासकट. सोबत लिंक.

मी तशीच घरातल्या कपड्यांनिशी विभागाकडे पळाले. कारकून चहा ढवळत होता. मी अर्ज लिहिला, एकच ओळ, खाली सही. त्याने तो वाचला, डाव्या हातात कप धरून उजव्या हाताने दोनदा क्लिक केलं आणि म्हणाला, "झालं."

"एवढंच?"

"एवढंच. काढायला काय लागतंय?"

तिथून मी बाईंच्या खोलीत गेले. त्या परगावाहून सोमवारीच परत आल्या होत्या आणि बातमी त्यांनी नुकतीच वाचली होती. मी सगळं सांगितलं. म्हणजे पहिल्यांदा सगळं नाही सांगितलं. पण त्यांनी विचारलं, "अर्ज कधी दिलास?"

"आत्ता."

"तिने तुला कधी सांगितलं होतं?"

मी खाली बघितलं. "सोमवारी सकाळी."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या ओरडल्या असत्या तर मला उभं राहायला सोपं गेलं असतं. त्या म्हणाल्या, "आधार द्यायची सवय मीच लावली तुम्हाला. तो कधी गिळून टाकायचा हे शिकवायचं राहिलं." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सोमवारचं तिला सांगितलंस का?"

"सांगते."

"मी नाही सांगणार. ते तुझं काम आहे."

मी खोलीवर गेले तेव्हा दुपार झाली होती. पाहुणी खाटेवर पाय खाली सोडून बसली होती, फोन मांडीवर. तिच्या आईचा फोन येऊन गेला होता. सकाळी पाळी सुरू झाल्यावर तासाभरात नाक्यावर दोन माणसं आली आणि बाबांना घेऊन गेली. चौकशी आहे म्हणाली. काट्यावर चिखल असतो म्हणून बाबा गमबूट घालायचे. बूट बदलायलाही दिले नाहीत, तसेच नेलं. तिच्या आईला ही बातमी शेजारच्या काट्यावरच्या माणसाने दिली, आणि आपण दिली असं कुणाला सांगू नका म्हणाला.

मी माझ्या खाटेवर बसले. वाक्य तयार होतं. 'मी सोमवारी अर्ज दिला नव्हता.' पाच शब्द. एवढी वाक्यं बोलले आयुष्यात, त्यापुढे पाच शब्द म्हणजे काय.

तीच आधी बोलली. "तू तरी सोमवारीच दिलास अर्ज. ऑफिसवाल्यांनी वेळ लावला त्याला तू काय करणार?"

मी तोंड उघडलं होतं. मी ते मिटलं. मूग गिळून बसणं म्हणतात, पण मूग गिळायला निदान घसा तरी हलावा लागतो. मी काहीच केलं नाही. तिला वाटलं मला वाईट वाटतंय म्हणून मी गप्प आहे, आणि तिने उठून मलाच पाणी दिलं.

तिचे बाबा चौदा महिन्यांनी सुटले. ते मला पुढे कधीतरी नकाशेकडून कळलं. त्याने तिच्याशी पत्रव्यवहार ठेवला होता. डाव्या कानाने त्यांना आता ऐकू येत नाही असं तो म्हणाला. का, ते मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

गुरुवारी दुपारी उपसचिवांचा फोन आला. मला वाटलं झाडणार. मी विभागाच्या मागच्या जिन्यात उभी राहून फोन घेतला. ते म्हणाले, "प्रकरण चिघळायच्या आत रेकॉर्डिंग तुम्ही स्वतःहून काढून टाकलंत असं कळलं. शहाणपण केलंत. बोलणारे पुष्कळ मिळतात, कुठे आवरायचं हे कळणारी माणसं आम्हाला मिळत नाहीत. पुढच्या महिन्यात रुजू व्हा, पत्र पाठवतो."

'नाही' म्हणावं असं माझ्या मनात आलं, हे खरं आहे. तोंडून मात्र "थँक्यू सर" आलं, हेही खरं आहे. मी आईला लगेच कळवलं नाही. संध्याकाळी कळवलं.

शुक्रवारी सकाळी पाहुणी निघाली. परीक्षेला दोन महिने होते, पण आई एकटी आहे म्हणाली. तिच्या बॅगा मी उचलल्या, दोन्ही, तिने नको म्हटलं तरी. बसस्थानकापर्यंत सगळ्या वाटेने मी स्वतःला बजावत होते की आता सांगायचं. तिकीटखिडकीशी सांगायचं. मग फलाटावर सांगायचं. फलाटावर आल्यावर ठरवलं, बस लागली की सांगायचं, म्हणजे ऐकून झाल्यावर तिला माझ्यासमोर उभं राहावं लागणार नाही. बघा, तिच्या सोयीचं नाव करून मी स्वतःचीच सोय बघत होते.

बस लागली. ड्रायव्हर खाली उतरून एका बाजूचे टायर लाथेने तपासत होता. तेवढ्यात तिचा फोन वाजला. ती दोन वाक्यं बोलली, मग फोन माझ्यापुढे धरला. "आई आहे. तुझ्याशी बोलायचंय म्हणते."

मी फोन कानाला लावला. "काकू," म्हटलं.

"पोरी," पलीकडून आवाज आला, तिच्यासारखाच शब्द ओढत, पण बसलेला. "हिने सांगितलं मला. तू पहिल्याच दिवशी अर्ज दिलास, ऑफिसात खेपा घातल्यास. परक्या गावात माझ्या पोरीला कुणीतरी आहे एवढं कळलं, बरं वाटलं."

मी पाहुणीकडे बघितलं. ती बसच्या पाटीकडे बघत होती. भाषण माझं होतं, हे तिने आईला सांगितलंच नव्हतं. दोन वेगळ्या मुली आहेत असं तिने आईला वाटू दिलं होतं. एक भाषण करणारी आणि एक अर्ज देणारी.

"तुझ्या आईने चांगलं वळण लावलंय तुला," काकू म्हणाल्या. "ती दुसरी, बोलली ती, तीही तुमच्याच वर्गातली ना?"

"हो."

"ओळखतेस तिला?"

"हो, काकू."

"मी शिव्याशाप देत नाहीये हो. माझ्यात आता तेवढी ताकद नाही. पण भेटली तर तिला माझ्याकडून एवढं विचार, की बाई, तुला त्यातून मिळालं काय?"

ड्रायव्हर चढला होता. इंजिन सुरू झालं, तरी त्या माझ्या उत्तराची वाट बघत होत्या.

"विचारते, काकू," मी म्हटलं.

पाहुणीने माझ्या हातातून फोन घेतला, बॅगा उचलल्या आणि माझ्याकडे न बघता बसमध्ये चढली.